नवा माल : आधी नमुना, मग ताणा

नवी किनार सुचली की आपला विणकर लगेच पूर्ण ताणा चढवतो. माल पडून राहिला की नशिबाला दोष देतो. खरी चूक पद्धतीची आहे.

काठाचा रंग ताण्यातच ठरतो, मध्येच बदलत नाही. बाणा मात्र हवा तेव्हा बदलता येतो. म्हणून आखूड ताणा लावावा, हातभर विणून बाण्याचा रंग बदलावा, चार-पाच नमुने दुकानदाराला दाखवावेत. त्याची नापसंतीही लिहून ठेवावी. मागणी येईल तोच रंग मोठ्या ताण्यावर घ्यावा.

नागपुरात १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी नव्या रिंग चात्या आधी प्रयोगापुरत्या लावल्या, पटल्यावरच वाढवल्या. एवढी मोठी गिरणी जपून चालली. मग दोन मागांच्या मालकाने घाई का करावी? नमुना फसला तर थोडे सूत जाते. ताणा फसला तर घरचे भांडवल.