खाली उतरलेली पापणी आणि तिचे निदान

एखाद्याच्या डोळ्याची वरची पापणी अर्धी मिटल्यासारखी दिसू लागली की गावात त्यावर निरनिराळी मते व्यक्त होतात. कोणी म्हणतो जागरण झाले, कोणी म्हणतो वारे गेले, तर घरातील वडीलधारी स्त्री दृष्ट काढावयास सांगते. डॉक्टरांचे मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. वैद्यकशास्त्रात या स्थितीस ‘टोसिस’ असे म्हणतात. तिची कारणे अनेक असून काही साधी, तर काही जिवावर बेतणारी आहेत.

पापणी उचलून धरण्याचे काम मुख्यतः एक बारीक स्नायू करतो. मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूकडून त्यास आज्ञा मिळते. डोळा मिटण्याचे काम मात्र सातव्या मज्जातंतूचे होय. चेहऱ्याच्या लकव्यात तोंड वाकडे होऊन डोळा मिटत नाही. टोसिसमध्ये डोळा उघडत नाही. लोकभाषेत दोहोंनाही ‘वारे’ म्हणण्याचा प्रघात असल्याने एकावरचे उपचार दुसऱ्यावर होतात आणि आठवडे वाया जातात.

काही बालकांत हा स्नायू जन्मतःच दुबळा असतो. असे मूल हनुवटी वर करून पाहते. वर्गात ते पेंगते किंवा आळशी आहे, असा समज होण्याचा संभव असतो; शिक्षकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे. पापणीने बाहुली झाकली जात असेल तर त्या डोळ्याने पाहण्यास मेंदू शिकतच नाही. ही दृष्टी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत घडत असते. पुढे शस्त्रक्रियेने पापणी उचलली तरी गेलेली दृष्टी पुरती परत येत नाही. म्हणून ‘मोठेपणी पाहू’ हा सल्ला घातक होय. उतारवयात स्नायूची कंडरा सैल होऊन पापणी हळूहळू उतरते. तीवर शस्त्रक्रिया करता येते व तिची घाई नसते.

खरी दिरंगाई होते ती बदलत्या पापणीच्या बाबतीत. सकाळी डोळा उघडा, सायंकाळी मिटलेला. कधी उजवा, कधी डावा. मधूनच एकाच्या दोन वस्तू दिसतात. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या विकाराची ही लक्षणे असू शकतात. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करते आणि आज्ञा स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. अडचण अशी की रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि पापणी उतरते सायंकाळी. डॉक्टरांना डोळा ठीक दिसतो, रुग्ण ‘काही नाही’ ऐकून परततो, आणि घरचेही त्यास मनाचा खेळ मानू लागतात. यावर उपाय सोपा आहे. रोज सकाळी व दिवेलागणीस मोबाईलवर चेहऱ्याचे छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या कामानंतर पापणी उतरली, विश्रांतीने सावरली काय, हे वहीत लिहावे. जुनी छायाचित्रेही सोबत न्यावीत. त्रास नेमका केव्हा सुरू झाला हे त्यांवरून कळते.

तपासणीत डॉक्टर मिटल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून पाहतात. थंडाव्याने ती वर आली तर संशय बळावतो. नंतर रक्ताची तपासणी होते. मात्र विकार केवळ डोळ्यांपुरता असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत तीत काहीच आढळत नाही, म्हणून तेवढ्यावरून विकार नाही असे ठरवू नये. छातीतील थायमस ग्रंथीचीही तपासणी करतात. या विकारात काही प्रतिजैविके अपायकारक ठरतात. इतर कोणत्याही आजारासाठी औषध घेताना डॉक्टरांना तो सांगणे अगत्याचे आहे. इंग्लंडमधील डॉक्टर मेरी वॉकर यांनी 1934 साली फायसोस्टिग्मिनने रुग्णाची शक्ती काही काळ परत येते हे दाखविले. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच वंशातील होय. औषध लागू पडेपर्यंत महत्त्वाची कामे सकाळी उरकावीत, उन्हात राबणे टाळावे, दुहेरी दिसत असता वाहन चालवू नये. पापणीस आधार देणारी तार चष्म्याला बसवून घेता येते. गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास मात्र घरी थांबू नये.

पापणी अचानक उतरली, सोबत तीव्र डोकेदुखी असली, बाहुली मोठी झाली किंवा डोळा बाहेरच्या बाजूस वळला, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आल्याची शक्यता असते. मधुमेहानेही असे होते व ते बहुधा काही महिन्यांत सुधारते. पण दोहोंतील फरक घरी ठरविता येत नाही. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. उतरलेल्या पापणीसोबत बाहुली लहान झाली असेल तर मान व छातीची तपासणी आवश्यक ठरते.

मज्जातंतू-स्नायूंचा हाच सांधा मण्यारीचे विषही निकामी करते. 1973 साली अमेरिकेतील संशोधकांनी मण्यारीच्याच कुळातील सापाच्या विषाचा एक घटक वापरून मायस्थेनियातील बिघाड नेमका या सांध्यात दाखवून दिला, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. वेदना नाममात्र असते आणि खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. पावसाळ्यात असे कोणी उठले तर दंश दिसो वा न दिसो, तो झाला असे समजून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम कापू नये, दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. गोव्यात म्हापसा व मडगाव येथे जिल्हा रुग्णालये असून बांबोळी येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. प्रतिविषाने सांध्यावर आधीच झालेली हानी भरून येत नाही, त्यामुळे काही रुग्णांना कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. त्या काळात डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, तरीही रुग्ण शुद्धीवर असून सारे ऐकत असू शकतो. नातेवाइकांनी आशा सोडून त्यास घरी नेऊ नये. वेळीच श्वास मिळाला तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात.