उद्याची ‘क्लासिक’ गाडी कोणती? ॲन आर्बरमधून मांडलेला एक हिशेब

ॲन आर्बरमध्ये प्लिमथ रोडवर, मिशिगन विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसला लागून, एक सरकारी प्रयोगशाळा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, ही वाहन-प्रदूषण प्रयोगशाळा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे काम करते. अमेरिकेतल्या नव्या गाडीच्या काचेवर मायलेजचा जो कागद चिकटवलेला असतो, त्यावरच्या आकड्यांची पडताळणी इथे होते. याच गावात ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाचं कार्यालय आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कहून इथे आलं. एका इमारतीत गाडी किती धूर सोडते ते मोजतात, दुसरीत ती चालवताना किती मजा येते ते लिहितात.

गेल्या तीसेक वर्षांतल्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी कोणत्या पुढे संग्राह्य ठरतील आणि कोणत्या भंगारात जातील, हा प्रश्न डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांत हमखास निघतो. नव्वदच्या दशकात शिकायला आलेली, वाहन उद्योगात रमलेली पिढी आता पन्नाशीत आहे. मुलं कॉलेजात गेली, गॅरेजमध्ये एक जागा रिकामी झाली, आणि मग वाक्य येतं, “गाडी घेतो, गुंतवणूकही होईल.” या वाक्यात विज्ञान किती आणि हौस किती, ते जरा तपासून पाहू.

एक जात संपते, तेव्हा

पेट्रोल इंजिनाची ताकद कमी-जास्त करण्यासाठी हवेच्या वाटेवर एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. गाडी सावकाश चालवताना ही झडप जेमतेम उघडी असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढावी लागते. चिमटलेल्या स्ट्रॉमधून उसाचा रस ओढण्यासारखं ते काम, आणि त्यात इंधन वाया जातं. इंजिन जितकं मोठं, तितका हा तोटा जास्त.

प्लिमथ रोडवरच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून एक ठरलेला प्रवास तिच्याकडून करवून घेतात. शहरी चाचणीचा हा मार्ग मुळात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून बेतलेला आहे. सुमारे ११ मैल, ताशी सरासरी २० मैलांच्या आसपास, वारंवार थांबत. अशा चाचणीत लहान टर्बो इंजिनाचं फावतं. एरवी ते कमी पितं आणि गरज पडली तर टर्बोने जास्त हवा कोंबून मोठ्या इंजिनाची ताकद देतं. टर्बोशिवाय, केवळ फेऱ्या वाढवून ताकद काढणारं इंजिन इथे मागे पडतं.

होंडा एस२००० हे त्याचं चांगलं उदाहरण. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, मिनिटाला जवळजवळ ९,००० फेऱ्या आणि २४० अश्वशक्ती, सोबत फक्त मॅन्युअल गिअर. ही गाडी २००९ मध्ये बंद झाली आणि तशी दुसरी होंडाने पुन्हा काढली नाही. लेक्सस एलएफए ही आणखी टोकाची. टर्बोविना व्ही-१० इंजिन, एकूण ५०० गाड्या, उत्पादन २०१० ते २०१२. तेव्हा तिची किंमत पावणेचार लाख डॉलर होती आणि इतके पैसे लेक्ससला का द्यायचे, असं म्हणून गिऱ्हाईक पाठ फिरवायचं. उत्पादन थांबून काही वर्षं झाली तरी अमेरिकेतल्या काही शोरूममध्ये ती न विकलेली उभी होती. आज लिलावात तिला मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक भाव येतो.

मॅन्युअल गिअरची गोष्टही अशीच आहे. ‘कार अँड ड्रायव्हर’ने २०१० साली मॅन्युअल वाचवण्याची मोहीम सुरू केली. तरी आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत मॅन्युअलचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के आहे. संगणकाने चालणारा गिअरबॉक्स माणसापेक्षा लवकर गिअर बदलतो आणि चाचणीतही बरा ठरतो. म्हणूनच तिसरं पेडल असलेली गाडी आता ‘शेवटच्या जातीतली’ गणली जाते. संग्राहक शेवटच्या जातीचे जास्त पैसे मोजतो, आणि जात कधी संपणार हे बऱ्याच अंशी नियमांवर ठरतं.

मात्र ‘शेवटची’ म्हणवणारी गाडी खरोखर शेवटची असावी लागते. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर ही ९९१ गाड्यांची मर्यादित आवृत्ती काढली. हलकी, टर्बोविना आणि मॅन्युअल. ही अशी शेवटचीच, असं धरून सट्टेबाजांनी भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट वर नेला. पुढच्याच वर्षी पोर्शेने जीटी३ मध्ये पुन्हा मॅन्युअल आणली आणि ९११ आरचा भाव घसरला.

मीठ आणि गंज

पुरवठ्याची दुसरी बाजू म्हणजे किती गाड्या टिकतात. समजा, दरवर्षी ५ टक्के गाड्या अपघाताने, गंजाने किंवा दुर्लक्षाने बाद होतात. मग २५ वर्षांनी १०० पैकी २८ उरतात. हेच प्रमाण ३ टक्के धरलं तर ४७ उरतात. दोन टक्क्यांचा फरक, पण शिल्लक गाड्यांची संख्या दीडपटीहून अधिक.

मिशिगनमध्ये हा फरक मीठ पाडतं. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली गोठतं, योग्य प्रमाण असेल तर थेट उणे २१ सेल्सिअसला. रस्त्यासाठी ही सोय, लोखंडासाठी आपत्ती. गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, ते ओलाव्यातल्या ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि मधला पाण्याचा थर तारेचं काम करतो. साधं पाणी ही भिकार तार, खारं पाणी उत्तम. शिवाय हवेत ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असली की मीठ स्वतःच पाणी शोषून ओलं होतं. त्यामुळे बर्फाने माखलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये लावणं बाहेर थंडीत ठेवण्यापेक्षा वाईट, कारण थंडीत ही क्रिया मंदावते.

म्हणून विकत घेणारा आधी विचारतो, “हिवाळ्यात चालवली होती का?” होंडा एनएसएक्सचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ चा पत्रा जस्ताचा मुलामा देऊन वापरला. या गाड्या इतक्या संख्येने टिकल्या, त्यात या निर्णयांचाही वाटा आहे.

पत्रा टिकेल, संगणकाचं काय?

१९६५ च्या मस्टँगचा कार्ब्युरेटर कुशल मेकॅनिक टेबलावर उघडून दुरुस्त करू शकतो. १९९० नंतरच्या गाडीत ते काम संगणक करतो, आणि संगणकाचं म्हातारपण वेगळं असतं.

सर्किटवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. तो हळूहळू सुकतो किंवा गळून तांब्याच्या रेषा खातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी केलं तर कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. त्यामुळे ॲरिझोनातल्या गाडीचा पत्रा उत्तम आणि सर्किट शिजलेलं असू शकतं, तर मिशिगनमध्ये हिवाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत नेमकं उलट. डॅशबोर्डवरच्या मऊ प्लास्टिकचा थर हवेतल्या ओलाव्याने विघटित होऊन चिकट होतो. नव्वदच्या दशकातल्या महागड्या इटालियन गाड्यांची बटणं बोटाला चिकटतात, ती म्हणूनच.

मॅकलारेन एफ१ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. एकूण १०६ गाड्या, आणि २०२१ मध्ये एकीला लिलावात दोन कोटी डॉलरहून जास्त किंमत आली. या गाड्यांची तपासणी करायला कंपनीच्या तंत्रज्ञांना नव्वदच्या दशकातले कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळून ठेवावे लागले होते, कारण गाडीशी बोलणारं खास कार्ड त्यातच बसायचं. कोट्यवधींची गाडी आणि तिचा वैद्य म्हणजे एक जुना लॅपटॉप!

यापुढच्या गाड्यांत ही अडचण वाढणार आहे. २०१३ च्या सुमारास आलेल्या मॅकलारेन पी१, पोर्शे ९१८ आणि फेरारी लाफेरारी या हायब्रिड गाड्यांत बॅटरी आहे, आणि बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. त्यात सॉफ्टवेअरची कुलपं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत दुरुस्तीसाठी गाडीचं सॉफ्टवेअर तपासण्याची सूट मालकांना मिळाली, हे बरं झालं. पण मुभा मिळाली म्हणून सुटे भाग मिळत नाहीत. एस२००० सारखी साधी गाडी इथे पुढे राहील, कारण हौशी माणूस ती स्वतः दुरुस्त करू शकतो.

मागणी पंधराव्या वर्षी जन्मते

दुर्मीळ म्हणजे मौल्यवान, असं नाही. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या छताची छोटी गाडी बनली. फायबरग्लासची बॉडी, म्हणजे तिला गंजही नाही, आणि बनल्या अगदी थोड्या. तरी तिचं चित्र जगात कुठल्या मुलाच्या भिंतीवर लागलं नाही, म्हणून तिच्यावर जीव टाकणारे लोक भारतातच आणि मोजकेच.

उलट निस्सान स्कायलाइन आर३४ पाहा. ती अमेरिकेत अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. पण १९९८ पासून ‘ग्रान टुरिस्मो’ या व्हिडिओ गेममुळे इथल्या मुलांना स्कायलाइन हे नाव तोंडपाठ झालं होतं. अमेरिकी कायद्यानुसार परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की सुरक्षेच्या निकषांतून सुटते, आणि ईपीएच्या प्रदूषणाच्या निकषांतून मूळ स्थितीतली गाडी २१ वर्षांनी. १९९९ च्या आर३४ ला हे दार २०२४ मध्ये उघडलं. ती मुलं तोवर चाळिशीला पोचली होती, खिशात पैसे होते. ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटातली नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली, तीही या आठवणीच्याच जोरावर.

पण आठवणीलाही वय असतं. युद्धपूर्व काळातल्या गाड्यांवर जीव असणारी पिढी सरली, तसं त्यातल्या सामान्य गाड्यांचं गिऱ्हाईक रोडावलं. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात कोणती गाडी आहे, त्यावर २०५५ चा बाजार ठरेल.

आता पैशांचा हिशेब

समजा, ३०,००० डॉलरला गाडी घेतली. विमा, जागा, तेलपाणी, टायर मिळून वर्षाला २,००० डॉलर. (टायर न चालवताही कडक होतात. त्यांच्या कडेवरचे शेवटचे चार अंक बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा.) हेच पैसे ४ टक्के व्याजाने ठेवले असते, तर दहा वर्षांत मूळ रकमेचे सुमारे ४४,४०० आणि वार्षिक खर्चाचे सुमारे २४,००० झाले असते. म्हणजे केवळ बरोबरीत सुटण्यासाठी गाडी ६८,४०० डॉलरला विकली गेली पाहिजे, वर्षाला साडेआठ टक्क्यांहून अधिक वाढ. तीही दहा वर्षं सलग, आणि गाडी जवळजवळ न चालवता, कारण मीटरवर आकडा वाढला की भाव उतरतो. अशी कामगिरी करणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या आधी ओळखता येत नाहीत आणि सगळ्यांना ओळखता आल्या तर स्वस्त राहत नाहीत. गुंतवणूक म्हणून हा धंदा बहुतेकांसाठी तोट्याचा आहे. मजेचा खर्च थोडा वसूल झाला, एवढं मानायला हरकत नाही.

पंधरा ते पन्नासची दरी

गाडीच्या आयुष्यात सर्वात धोक्याचा काळ मधला असतो. तेव्हा ती स्वस्त असते, दुरुस्ती तिच्या किमतीहून महाग असते आणि तिला कोणी ‘क्लासिक’ म्हणत नाही. बहुतेक गाड्या याच काळात संपतात. मिशिगनमध्ये २६ वर्षांच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ पाटी मिळते. ती मेळावे, मिरवणुकांसाठी, आणि ऑगस्टमध्ये सर्वसाधारण वापरासाठीही चालते. वूडवर्ड ॲव्हेन्यूवरची प्रसिद्ध फेरी ऑगस्टमध्येच असते.

भारतात ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले, पण वयाची अट ५० वर्षांची आहे. खाजगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण मात्र १५ व्या वर्षी सुरू होतं आणि २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. दिल्ली परिसरात तर वयावरूनच गाड्यांवर गदा आली. म्हणजे ३५ वर्षांची दरी. सॅन स्टॉर्म किंवा नव्वदच्या दशकातली पहिली मारुती झेन ही दरी ओलांडायची तर नियमांची साथ मिळणार नाही, मालकाचा हट्टच लागेल. प्रदूषणाची चिंता खरी आहे, पण वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा धूर आणि रोज धावणाऱ्या जुन्या टेम्पोचा धूर एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. वयाबरोबर वापरही मोजणारा नियम करता येतो.

तेव्हा गाडी घ्यायचीच असेल, तर स्वतःला चार गोष्टी विचारा. ती खरोखर शेवटच्या जातीतली आहे का? पत्रा निरोगी आहे का? तिच्या संगणकाचे भाग आणि सर्व्हिसचे कागद मिळतात का? आणि भाव निम्मा झाला, तरी रविवारी सकाळी ह्युरॉन नदीकाठच्या रस्त्याने ती चालवायला आवडेल का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे बँकेतच बरे.