एमएस आणि मुलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तेरा वर्षांची मुलगी तक्रार करते, उजव्या डोळ्याने लाल रंग विटल्यासारखा दिसतो, डोळा फिरवला की आत दुखतं. चष्मा लागला असेल म्हणून घरचे डोळे तपासून आणतात, पण नंबर निघत नाही. दोष डोळ्यामागच्या नसेला आलेल्या सुजेचा असू शकतो आणि ती सूज कधीकधी मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची, सुरुवात असते. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते.

गैरसमज: एमएस मोठ्यांनाच होतो.
वस्तुस्थिती: बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, हे खरं. पण शंभरातल्या साधारण 3 ते 5 रुग्णांचा आजार अठराव्या वर्षाआधीच सुरू झालेला असतो. 2020च्या अंदाजानुसार जगात अशी किमान 30,000 मुलं आहेत. त्यांतली बहुतेक किशोरवयीन, दहा वर्षांखालची अगदी मोजकी.

गैरसमज: हा गोऱ्यांचा आजार.
वस्तुस्थिती: थंड देशांत प्रमाण जास्त आहे, भारतात कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मुंबईतल्या पारशी समाजाच्या 1988 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे 21 रुग्ण आढळले होते.

गैरसमज: मुंग्या आल्या, म्हणजे एमएसच.
वस्तुस्थिती: मांडी घालून बसल्यावर आलेल्या मुंग्या पाय झटकला की जातात. एमएसचा झटका दिवसभराहून जास्त, बहुधा कित्येक दिवस टिकतो. शिवाय लहान मुलांत हुबेहूब तसेच दिसणारे, पण वेगळे उपचार लागणारे आजारही असतात. म्हणून एमआरआय, रक्ताची आणि पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी करूनच निदान ठरतं.

गैरसमज: आईला आहे, म्हणजे मुलाला होणारच.
वस्तुस्थिती: आईला किंवा वडिलांना एमएस असेल, तर शंभरातल्या साधारण दोनच मुलांना तो होतो. संसर्गाने तर तो पसरतच नाही.

गैरसमज: मुलाला झाला, म्हणजे व्हीलचेअर ठरलेली.
वस्तुस्थिती: मुलांना झटके मोठ्यांपेक्षा जास्त वेळा येतात, पण त्यांतून ती सावरतातही चांगली. झटके कमी करणारी औषधं आहेत. 2018 साली अमेरिकेत फिंगोलिमॉडला दहा वर्षांवरील मुलांसाठी मान्यता मिळाली. उपचार लवकर सुरू होणं मात्र महत्त्वाचं.

तेव्हा नंबर निघाला नाही, तर मुलगी अभ्यास टाळायला नाटक करतेय असं म्हणू नका. रंग विटलेला दिसत असेल आणि डोळा फिरवताना दुखत असेल, तर परीक्षा संपायची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.