न दुखणारी जखम : बधिर हातापायांची राखण



पायात बाभळीचा काटा मोडला तर आपण काय करतो? औत उभं करतो, बांधावर टेकतो आणि आधी काटा काढतो. काटा दुखतो म्हणून आपण थांबतो. पण ज्याचा तळपाय बधिर आहे, तो माणूस तोच काटा घेऊन दिवसभर चालतो. काटा आत जातो, पू धरतो आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत पोचते. दुखणं हा शरीराचा राखणदार आहे. राखणदार नसलेल्या शेतात गुरं शिरतात, तसंच बधिर हातापायाचं होतं.

आपल्या गावात असे हातपाय कुणाचे असतात? कुष्ठरोगातून बरे झालेल्या काही लोकांचे, आणि पुष्कळ वर्षं मधुमेह असलेल्या काहींचे. दोघांनाही शेतात राबावं लागतं. जखम होते ती विळ्यानं, खुरप्यानं, उसाच्या बुडख्यानं, इंजिनाच्या तापलेल्या नळकांड्यानं. म्हणून दवाखान्याची वाटणारी ही गोष्ट शेतीच्या पत्रकात सांगतो आहे.

बोटं झडत नाहीत

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असा समज अजून आहे. तो खरा नाही. १९४६ साली तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी रोग्यांच्या हातापायांकडे वर्षानुवर्षं बारकाईनं पाहिलं. त्यांना आढळलं, की बोटांचं नुकसान मुख्यतः न कळलेल्या जखमांनी, भाजण्यानं आणि त्यात पू होण्यानं होतं. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो, तेही कळत नाही.

रोगाचे जंतू हातापायाच्या नसांना इजा करतात. १९८० नंतरच्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचारानं रोग ६ ते १२ महिन्यांत बरा होतो. हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण जी नस आधीच मेली, ती औषधानं परत येत नाही. रोग जातो, बधिरपणा राहतो. तेव्हा बोटं वाचवणं पुष्कळसं आपल्याच हातात आहे.

रोजची निगा

पिकावर कीड पडली का हे बघायला आपण रोज शेतात चक्कर मारतो. तशीच चक्कर हातापायावर मारावी. दुखणं सांगत नाही, म्हणून डोळ्यांनी बघावं.

१. संध्याकाळी उजेडात बसून तळवे, तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. फोड, चीर, लाली, सूज शोधावी. तळपाय दिसत नसेल तर आरसा धरावा, नाहीतर घरच्या माणसाला बघायला सांगावं.

२. कुष्ठरोगामुळे बधिर झालेली कातडी घाम न आल्यानं कोरडी पडते आणि भेगाळते. हातपाय साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजत ठेवावेत. गरम पाणी घेऊ नये; चटका कळणार नाही. जाड झालेली कातडी खरबरीत दगडानं हळूच घासावी, ब्लेडनं कापू नये. मग पाणी निथळू द्यावं आणि ओलसर कातडीवरच खोबरेल किंवा गोडं तेल लावावं. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात.

मधुमेह असलेल्यांनी पाय भिजत ठेवू नयेत आणि जाड कातडी स्वतः घासू नये. पाय धुऊन, पुसून तेल लावावं. रोज बघण्याचा नियम दोघांनाही सारखाच.

३. अनवाणी कधीही चालू नये, घरात आणि अंगणातसुद्धा. चप्पल आतून मऊ, खालून टणक आणि मागं पट्टा असलेली असावी. तिला खिळे नसावेत. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांना मऊ तळाची खास चप्पल सरकारी आरोग्य केंद्रामार्फत मिळते. तिथं चौकशी करावी. घालण्यापूर्वी चप्पल झटकावी आणि आत बघावं. गमबुटाचंही तसंच, त्यात अडकलेला खडा दिवसभर पाय कापतो.

अवजारं आणि कामं

बधिर हाताला किती जोर लावतोय ते कळत नाही. म्हणून असा माणूस मूठ गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि तळहाताला फोड येतो. खुरपं, विळा, कुदळ यांच्या मुठी जाड व गुळगुळीत कराव्यात. त्यावर जुन्या सुती कापडाच्या किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. मुठीला फट किंवा खिळ्याचं टोक असू नये.

एकच काम दिवसभर करू नये. तासाभरानं थांबून हात बघावा आणि काम बदलावं. कापूस वेचताना बोंडाची टोकं लागतात, म्हणून मऊ हातमोजे घालावेत. खोडव्यातून चालताना पावलं लहान आणि सावकाश टाकावीत. रात्री पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी हवीच. चुलीवरचं भांडं सांडशीनं किंवा जाड फडक्यानं धरावं. बिडीचा चटका बोटाला कळत नाही, त्यामुळे बिडी सोडलेलीच बरी.

जखम झालीच तर

साबणपाण्यानं धुवावी आणि स्वच्छ फडक्यानं बांधावी. शेण, राख, चुना, तंबाखू काही लावू नये. आणि मुख्य औषध म्हणजे विश्रांती. पायाला जखम असताना चालत राहिलं तर ती भरत नाही. दुखत नाही म्हणून काम चालू ठेवायचं, इथंच पाय जातो. चार दिवसांची मजुरी बुडते हे खरं, पण पाय गेला तर कायमची बुडते. मधुमेह असेल तर लहान जखमही त्याच दिवशी दाखवावी. एरवीही सूज, गरमपणा, घाण वास, ताप किंवा जांघेत गाठ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणखी एक. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला, किंवा हातापायाला नव्यानं मुंग्या, बधिरपणा, दुबळेपणा आला, तर वाट पाहू नये. आशा ताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. नसेचं दुखणं सहा महिन्यांच्या आतलं असेल तर औषधानं ती सुधारण्याची चांगली आशा असते. वाकड्या झालेल्या काही बोटांवर शस्त्रक्रियाही होते.

घरच्यांनी, गावानं

उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरण्याची भीती उरत नाही. बरा झालेल्या माणसाला वेगळं ताट, वेगळी विहीर, वेगळा बांध देण्याचं कारणच नाही. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. तिथल्या खडकाळ जमिनीत विहिरी खणल्या आणि पिकं काढली ती याच हातांनी. काम बंद करायचं नाही, कामाची रीत बदलायची.

हक्कही माहीत असावेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा समावेश आहे. अपंगत्व असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा आहे. ग्रामसभेत तो विषय काढावा. कुणाला चप्पल हवी, कुणाच्या दारापुढची वाट नीट व्हायला हवी, हे गावालाच ठाऊक असतं.

तेव्हा मंडळी, आजच संध्याकाळी सुरुवात करा. दिवा जवळ घ्या, पाय पाटावर ठेवा आणि नीट बघा. घरात असं कुणी नसेल, तर हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारी ज्याला गरज आहे त्याला द्या. त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.