थोडक्या नोंदींचा भरवसा

डब्लिनच्या गिनेस कंपनीत १८९९ साली विल्यम गॉसेट केमिस्ट म्हणून लागला, तेव्हा सरासरीबद्दल ठामपणे बोलायचं तर नोंदी शेकड्यांनी हव्यात, असा संख्याशास्त्राचा शिरस्ता होता. बिअरच्या कारखान्याला ते कुठून परवडणार? बार्लीच्या वाणाची चाचणी चार-सहा शेतांत झाली की पुढचा आकडा पुढच्या हंगामात. शिवाय मोजक्या नोंदींतून काढलेलं प्रमाण विचलन मुळातच डळमळीत असतं आणि जुनी सूत्रं ते पक्कं धरून चालत.

गॉसेटनं गणितानं छोट्या नमुन्यांसाठी वेगळा वक्र काढला, पण पडताळा कसा घेतला ते वाचताना आजही मजा वाटते. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या मधल्या बोटाची लांबी त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने काढले. १९०८ साली 'बायोमेट्रिका'त निबंध आला तो 'स्टुडंट' या टोपणनावानं, कारण कंपनीला गुप्ततेची काळजी.

त्यातलं एक उदाहरण झोपेच्या औषधांचं. रुग्ण दहाच. पहिल्या औषधानं झोप सरासरी ०.७५ तास वाढली. खरी सरासरी वाढ शून्य असती, तरी एवढा फरक योगायोगानं दिसला असता का? आजच्या टी-चाचणीनं पाहू. प्रमाण विचलन १.७९, त्याला दहाच्या वर्गमुळानं भागलं की प्रमाण त्रुटी ०.५७. सरासरीला तिनं भागलं की टी येतो साधारण १.३३. पाच टक्के पातळीला हवा २.२६. म्हणजे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. दुसऱ्या औषधाची वाढ २.३३ तास, टी ३.६८, ते सहज पार. गॉसेटनं मात्र असं पास-नापास केलंच नव्हतं. पहिलं औषधही झोप वाढवतं, याची शक्यता त्यानं ०.८८७ दिली होती!

पाच टक्क्यांचा उंबरा रूढ झाला तो संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकानं. १९३३ साली नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी दोन प्रकारच्या चुकांची (खरी परिकल्पना नाकारणं आणि खोटी न नाकारणं) चौकट मांडली. फिशरचं त्यांच्याशी कधी पटलं नाही, पण पाठ्यपुस्तकांनी दोन्ही पद्धतींची खिचडी करून टाकली.

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्याच दशकात लंडनला नेमन-पिअर्सन यांच्याकडे शिकले. पुढे भारतात पीक कापणी प्रयोगांवर काम करताना त्यांनी १९४६ साली एक खोट दाखवली. मोजणीचा तुकडा फार लहान आखला की कडेची रोपं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत कामाचा धडा वाटतो. शेतं वाढवून हा फुगवटा जात नाही. उलट प्रमाण त्रुटी घटते आणि चुकीची सरासरी अधिकच ठाम दिसू लागते.

२०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं बजावलं की एकट्या पी-मूल्याच्या (शून्य परिकल्पना खरी असती तर निदान एवढा फरक योगायोगानं दिसण्याच्या शक्यतेच्या) उंबऱ्यावर निष्कर्ष काढू नका. आपल्याकडच्या प्रबंधांत 'शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे' हे ठरीव वाक्य अजून भेटतंच. नमुना कसा निवडला, ते बहुधा दोन ओळींत उरकलेलं असतं.