भांडत नाहीत म्हणजे जमलंय?

"दोघांना सोडून द्या हो एकत्र. दोन दिवस भांडतील, मग आपोआप जमेल." घरात मांजर असताना कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. सोसायटीतले काका देतात, सकाळी फिरायला येणारे देतात, प्राण्यांचं खाणं विकणारा दुकानदारही देतो. ज्याच्या जिवावर हा प्रयोग व्हायचा, त्या मांजराची चौकशी मात्र कुणी करत नाही.

"आपोआप जमलं" असं जिथे सांगितलं जातं, ते घर जरा जवळून पाहा. कुत्रा हॉलभर हुंदडतोय. पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून मांजराला खेळायला बोलावतोय. मांजर फ्रिजवर. पाय अंगाखाली घट्ट ओढलेले, मान खांद्यांत गेलेली, डोळे अर्धवट मिटलेले, पण कुत्र्याच्या नखांचा फरशीवर आवाज झाला की कान त्या दिशेला वळतात. घरचे कौतुकाने म्हणतात, "किती शहाणं आहे बघा, निवांत झोपलंय." ते झोपलेलं नाही. ताणाखाली असलेलं मांजर झोपेचं सोंग घेतं. रात्री निजानीज झाली की ते खाली उतरतं, चार घास खातं. लिटर ट्रे पॅसेजच्या टोकाला आणि पॅसेजमध्ये कुत्रा आडवा पसरलेला, म्हणून मग बाथरूमच्या पायपुसण्यावर उरकतं. सकाळी त्याच्यावर "मुद्दाम करतंय" असा ठपका.

या सल्ल्याची गोम अशी, की तो कुत्र्याचा स्वभाव मांजराला चिकटवतो. कुत्र्याचे पूर्वज कळपात राहणारे. भांडून पुन्हा एकत्र येणं त्यांना भागच होतं. घरगुती मांजर आलं ते आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून, आणि ते एकट्याने शिकार करणारं. शिवाय ते जितकं शिकारी, तितकंच मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही. भांडण मिटवण्याची मांजराची पद्धत एकच, लांब जाणं. सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये लांब जायला जागाच नसली तर ते गप्प बसतं. या गप्प बसण्याला आपण समेट समजतो.

"थोडा ताण आला तर काय बिघडतं?" असंही विचारलं जातं. बिघडतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी वर्षानुवर्षं मांजरांच्या मूत्राशयाच्या दाहावर काम केलं. या दुखण्यात अनेकदा जंतुसंसर्ग सापडतच नाही. सापडतो तो भोवतालचा ताण. बोक्यांमध्ये त्यातून मूत्रमार्ग तुंबू शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका, तडक दवाखाना गाठा. धास्तीने खाणं सोडलेल्या मांजराचंही तेच. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचू लागते, आणि गुटगुटीत मांजराला हा धोका जास्त.

मग कुत्र्या-मांजराचं साताजन्माचं वैर खरंच म्हणायचं? नाही, तेही खोटं. तेल अवीव विद्यापीठाच्या 2008 सालच्या अभ्यासात अशा मिश्र घरांपैकी सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचं बरं चाललेलं आढळलं. मांजर आधी घरात आलेलं असेल, आणि पहिल्या भेटीच्या वेळी मांजर सहा महिन्यांच्या आणि कुत्रा वर्षाच्या आतला असेल, तर जमण्याची शक्यता अधिक. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या 2018 सालच्या पाहणीत 748 मालकांनी माहिती दिली, आणि 80 टक्क्यांहून जास्त जणांना आपले प्राणी एकमेकांसोबत सुखात वाटत होते. (उत्तरं मालकांची, मांजरांची नव्हेत, फ्रिजवरचं "निवांत" मांजर त्यातही असणारच.) पण या पाहणीतला कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे. नातं कसं राहील हे सगळ्यात जास्त ठरतं ते मांजराला कुत्र्याजवळ किती सुरक्षित वाटतं त्यावरून. "आमचा कुत्रा फार प्रेमळ आहे हो," हे त्यामुळे उत्तरच होत नाही. प्रेमळ कुत्राही पंचवीस किलोंचा असतो आणि प्रेमाने अंगावर धावून येतो.

करायचं ते फार अवघड नाही, चिकाटी लागते इतकंच. पहिले काही दिवस एक खोली पूर्णपणे मांजराची. खाणं, पाणी, ट्रे, अंथरूण आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं, सगळं आत. खोक्याला हसू नका. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने 2014 मध्ये दाखवून दिलं, की निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपायला खोकं मिळालं, ती लवकर सावरली. दोघांची अंथरुणं अधूनमधून आपसात बदला, म्हणजे गाठ पडण्याआधी वास ओळखीचा होईल. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी जेवायला द्या. मांजर निर्धास्त जेवू लागलं की दाराच्या जागी जाळी. त्यानंतर समोरासमोर भेट, तीही कुत्र्याला चांगलं फिरवून आणल्यावर, पट्टा हातात धरून, पाच-दहा मिनिटांपुरती. कुत्रा मांजरावरची नजर काढून तुमच्याकडे बघेल तेव्हा त्याला खाऊ द्या. हाक मारून, खाऊ दाखवूनही ज्याची नजर हलत नाही, अंग ताठ होतं, त्याला पुढच्या पायरीवर नेऊच नका. काही घरांत दार कायमचं मध्ये ठेवावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

नंतरही मांजराला उंचावरची वाट लागतेच. कपाट, लॉफ्ट, दोन-चार फळ्या अशा जोडा, की जमिनीवर पाय न ठेवता खोली पार करता यावी. जेवण वर ठेवा. ट्रे अशा ठिकाणी, जिथे कुत्र्याचं तोंड पोचत नाही, कारण बऱ्याच कुत्र्यांना ट्रेमधला ऐवज हा खाऊच वाटतो. किती दिवस लागतील? काही आठवडे, कधी काही महिने. मांजर शेपूट उभारून कुत्र्यासमोरून जमिनीवरून चालत गेलं, तर ते रुळलं म्हणा.

बाकीचे गैरसमज पटापट उरकू. मांजराला कडेवर घेऊन ओळख करून देऊ नये; ते तुमच्या खांद्यावरून, नखं रोवून पळेल. फिसकारलं म्हणून ओरडू नका, "लांब राहा" हे ते सभ्यपणेच सांगतंय. शेपटी हलतेय म्हणजे खूश, हे कुत्र्याच्याही बाबतीत नेहमी खरं नसतं; मांजराची शेपटी सपासप आपटत असेल तर ते वैतागलंय. घाबरलेलं मांजर खिडकीतून उडी मारतं आणि पायांवर पडलं तरी हाडं मोडतात, म्हणून खिडक्या-गॅलरीला जाळी हवीच. कुत्र्याचं खाणं दोघांना चालत नाही: मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि ते कमी पडलं तर हृदय निकामी होतं, हे 1987 मध्येच सिद्ध झालंय.

एक गैरसमज मात्र थेट जीव घेतो: "गोचिडाचं औषध दोघांना एकच." कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. आधी अंग थरथरतं, मग झटके येतात. थेंब मांजरावर टाकायलाच हवेत असंही नाही. थेंब ओले असताना कुत्र्याला अंग घासलं, त्याला चाटलं तरी पुरतं. तेव्हा कुत्र्यासाठी औषध लिहून घेताना "घरात मांजर आहे" हे पशुवैद्यांना आधी सांगा, आणि दुकानदार कितीही छातीठोकपणे "चालतं हो" म्हणाला तरी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचूनच पैसे द्या.