प्रेशर वॉशरचा दाब कुठे हरवतो?

मोटर नेहमीसारखी चालते, गनमधून पाणीही येते, पण गाडीवरचा चिखल जागचा हलत नाही. घरगुती प्रेशर वॉशरची ही नेहमीची तक्रार. ‘पंप गेला’ असे ठरवून यंत्र दुरुस्तीला टाकण्याआधी दाब तयार कसा होतो, हे समजून घ्यावे. पुष्कळदा दोष घरीच सापडतो आणि तिथेच सुटतो.

अशा बहुतेक यंत्रांत मोटर एक तिरपी चकती फिरवते. ती चकती तीन छोटे पिस्टन आळीपाळीने दाबते आणि ते पाणी आत ओढून पुढे ढकलतात. पंपाचे काम एवढेच: मिनिटाला ठरावीक लिटर पाणी ढकलणे. ते पाणी नोझलच्या बारीक भोकाशी अडते आणि त्या अडण्यामुळे शंभर बारच्या आसपास दाब उभा राहतो. म्हणजे आत पुरेसे पाणी यायला हवे, वाटेत ते गळायला नको आणि नोझलचे भोक योग्य मापाचे हवे. यांतले एक जरी बिघडले, तरी दाब पडतो. म्हणूनच तपासणी नळापासून सुरू करून पाण्याच्या वाटेने पुढे न्यावी.

आधी नळ. यंत्राच्या लेबलवर मिनिटाला किती लिटर पाणी लागते ते लिहिलेले असते. समजा, ते साडेसहा लिटर आहे. यंत्राला जोडायचा पाइप त्याच्या टोकाशी दहा लिटरच्या बादलीत सोडा. बादली साधारण मिनिटभरात भरली, तर पुरवठा चांगला. दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला, तर पंप उपाशी आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरणाऱ्यांना ही अडचण हमखास येते, कारण दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो आणि एका मजल्यावरून त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच.

मग प्लग काढून पाणी आत येते तिथली जाळी बाहेर काढा. वाळू, शेवाळ, गंज यांनी ती तुंबते. जुन्या ब्रशने घासून धुवा. पाइप परत जोडल्यावर मोटर बंद ठेवूनच ट्रिगर दाबून धरा आणि अखंड धार येईपर्यंत पाणी वाहू द्या. पंपात अडकलेली हवा अशी निघून जाते. धार थरथरत किंवा तुटक येत असेल, तर आधी ही हवाच काढावी.

आता नोझल. फिरवायचे नोझल साबणाच्या, म्हणजे कमी दाबाच्या खुणेवर तर राहिले नाही ना, ते पाहा. बोअरच्या पाण्यातले क्षार भोकात साचतात. नोझल काढून बारीक तारेने भोक मोकळे करा आणि काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. तार जोराने फिरवू नका. भोक मोठे झाले की दाब कायमचा कमी होतो.

तरीही जोर नसेल, तर नोझल लावून मिनिटभर मोठ्या पिंपात फवारा सोडा आणि पाणी मोजा. लेबलइतके पाणी निघाले, तर पंप ठीक आहे, नोझल झिजले आहे. पाणी कमी निघाले आणि नळाचा पुरवठा पुरेसा असेल, तर दोष पंपाच्या आत आहे: झिजलेले सील, कचरा अडकलेले व्हॉल्व्ह किंवा उघडाच राहिलेला बायपास व्हॉल्व्ह.

ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप थांबणाऱ्या यंत्रात ती मधूनमधून स्वतःच सुरू होत असेल, तर कुठेतरी दाब गळतो आहे. गन आणि पाइपच्या जोडांवर ओल शोधा. बहुतेकदा चिरलेली ओ-रिंग बदलली की काम होते. बाहेर सगळे कोरडे असेल, तर गळती आतल्या व्हॉल्व्हची.

मोटर नुसती गुणगुणत असेल, तर लगेच बंद करा. पंधराशे वॉटचे यंत्र साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते. बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडते आणि मोटर उचलत नाही. यंत्र थेट १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावून पाहा. चालता चालता थांबले असेल, तर आतला उष्णतेचा कटआउट पडला असेल. अर्धा तास थंड होऊ द्या.

यंत्राला हात लावण्याआधी प्लग काढा, नळ बंद करा आणि ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा. गळती बोटाने चाचपू नका. बारीक धार कातडीत शिरते. जखम टिचभर दिसली, तरी लगेच रुग्णालय गाठा. मोटरच्या बाजूने पाणी गळत असेल किंवा यंत्राचा शॉक बसत असेल, तर ते पुन्हा लावूच नका. कॅपॅसिटर, वायरिंग आणि पंप उघडण्याचे काम मेकॅनिकवर सोपवा. त्याला नळाचे आणि फवाऱ्याचे मोजलेले लिटर सांगा. अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा तुमचा खर्च त्यामुळे वाचेल.